वर्गातले हसू आणि शिक्षकांचे मौन

मुलाचा आवाज बारीक असतो, मुलीचे केस आखूड असतात. वर्गातील हेटाळणीला एवढे कारण पुरते. ती थांबविण्याचे साधन शिक्षकांच्या हाती आहे आणि आता कायदाही त्यांच्या पाठीशी आहे.

हजेरी चालू असते. पटावरचा एक क्रमांक पुकारला जातो, मुलगा 'हजर' म्हणतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी त्याच्या बारीक आवाजाची नक्कल करतो. वर्ग हसतो. शिक्षक एकदा मान वर करून पाहतात आणि पुढचा क्रमांक पुकारतात. सारा प्रकार पाच सेकंदांत आटोपतो. त्या मुलाच्या दृष्टीने मात्र तो आटोपलेला नसतो. उद्या तो दबक्या आवाजात 'हजर' म्हणेल, परवा नुसताच हात वर करील आणि काही महिन्यांनी कदाचित वर्गातच नसेल. नक्कल करणाऱ्याने आणि त्याच्याबरोबर हसणाऱ्या चाळीस जणांनीही त्या पाच सेकंदांत एक धडा घेतलेला असतो: असे करायला इथे हरकत नाही.

असा प्रसंग कोणत्याही शाळेत घडू शकतो. बदलापूरसारख्या ठिकाणी त्याला अधिक वजन आहे. उल्हास नदीकाठचे जुने बदलापूर गाव आणि रेल्वेस्थानकाच्या दोन्ही अंगांना पसरलेली नवी वस्ती मिळून कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती. पहाटेच्या लोकलने मुंबईकडे निघालेले आईवडील घरी परततात, तेव्हा अंधार पडलेला असतो. मुलांचा दिवस शाळा, शिकवणी आणि सोबती यांच्यातच सरतो. मुलगा कसा असावा आणि मुलगी कशी असावी, याचे धडेही त्यामुळे मोठ्या प्रमाणावर तिथेच मिळतात.

चिडवण्याची जुनी भाषा

'बायल्या', 'भागूबाई', 'छक्का' हे शब्द मुले घरातून, गल्लीतून, चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांतून उचलतात. त्यात शाळाही भर घालते. कवायतीत मागे पडणाऱ्याला 'हातात बांगड्या भरल्यास काय?' असे विचारणारे, डोळ्यांत पाणी आलेल्याला 'मुलीसारखा रडतोस काय?' म्हणून गप्प करणारे पुष्कळदा शिक्षकच असतात. त्यामागे दुष्ट हेतू नसतो. मुलगा कणखर व्हावा, एवढीच इच्छा असते. पण या वाक्यांतून बाईसारखे असणे कमीपणाचे आहे, असाच अर्थ निघतो. त्याच वर्गात बसलेल्या मुलींनी त्यातून काय घ्यायचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

मराठी वाचकांना हा पेच नवा नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये अगदी आरंभीच तो येतो. आजारी आई वटसावित्रीच्या प्रदक्षिणा आपल्या वतीने घालण्यास श्यामला सांगते. बायकांच्या व्रताला आपण गेलो तर बायका हसतील, मुले चिडवतील, या विचाराने श्याम शरमतो. लाज वाईट कृत्याची वाटावी, चांगल्या कामाची वाटू नये, अशी आईची समजूत असते आणि श्याम वडाकडे जातो. पिढ्यान् पिढ्या हा प्रसंग मातृभक्तीचा म्हणून शिकविला गेला. मुलग्याने काय करावे आणि काय करू नये, याचा पहारा एका आईने कसा झुगारला, या अंगाने मात्र तो क्वचितच शिकविला जातो.

याच महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेतल्या. त्यांची नेसण आणि दागिन्यांची ठेवण घरंदाज स्त्रियांनी उचलली. दुसरीकडे, तमाशापटांत नाच्याची भूमिका करणारे गणपत पाटील यांना पडद्यावरच्या त्या प्रतिमेपायी खऱ्या आयुष्यात हेटाळणी सोसावी लागली. रंगमंचावर जे गोड वाटते, ते शेजारच्या बाकावर मात्र खपत नाही.

तीन गोष्टींची गल्लत

या हेटाळणीमागे अज्ञानाचाही मोठा वाटा आहे. तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. पहिली गोष्ट वागण्याबोलण्याची ढब. कोणी मृदू बोलतो, कोणी रांगडे बोलते. दुसरी गोष्ट लिंगभावाची जाणीव, म्हणजे आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत की यांपैकी कशातच बसत नाही, याविषयी मनात असलेली खूण. तिसरी गोष्ट लैंगिक कल, म्हणजे आकर्षण कोणाविषयी वाटते ते. नाजूक चालीचा मुलगा समलिंगी असेलच असे नाही. कबड्डीच्या संघाचा दणकट कर्णधार समलिंगी असू शकतो. ढबीवरून कल ओळखण्याचा खटाटोप म्हणूनच फसवा आहे आणि तो शिक्षकांचे कामही नाही. मूल कोण आहे हे ठरविणे शिक्षकाकडे नसते. ते वर्गात सुरक्षित आहे की नाही, हे पाहणे असते.

समलैंगिकता हा आजार नाही, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये ती मनोविकारांच्या यादीतून वगळली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हेच केले आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये अशीच भूमिका जाहीर केली. आणखी एक गल्लत पालकांच्या मनात भीती उत्पन्न करते, ती समलैंगिकता आणि बालकांचे लैंगिक शोषण यांची. शोषण हा गुन्हा आहे. अत्याचार करणारा आणि मूल यांचे लिंग कोणतेही असो, त्यात बळजबरी आणि विश्वासघात असतो. कलाचा त्याच्याशी संबंध जोडणे म्हणजे निरपराधांना बदनाम करणे आणि खऱ्या धोक्याकडे पाठ फिरविणे होय.

किंमत कोण मोजतो?

युनेस्कोच्या दिल्ली कार्यालयाने चेन्नईच्या 'सहोदरन' या संस्थेच्या साहाय्याने तमिळनाडूतील लैंगिक अल्पसंख्याक तरुणांची पाहणी केली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माध्यमिक शाळेत असताना शारीरिक त्रास झाल्याचे सुमारे ६० टक्के जणांनी सांगितले. शाळा सुटण्यास हा छळ मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाला, असे सुमारे एक तृतीयांश जणांचे म्हणणे होते. शाळेकडे तक्रार मात्र अवघ्या १८ टक्क्यांनी केली होती. महाराष्ट्रातील चित्र फार निराळे असेल, असे मानण्यास कारण दिसत नाही.

ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' या आत्मकथनात बालपणी बायकी म्हणून झालेल्या कुचेष्टेविषयी लिहिले आहे. तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मिळवून देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयातील खटल्यात पुढे त्या सहभागी झाल्या. एवढी झेप घेण्याचे बळ सर्वांना लाभत नाही. शाळा अर्ध्यावर सुटली की पदवी, नोकरी, स्वतःचे घर ही सारी वाट अरुंद होत जाते.

हेटाळणीची झळ त्या एका मुलापुरती राहत नाही. एकावर हसणे झाले की उरलेले सारे सावध होतात. चित्रकलेची आवड असलेला मुलगा वही लपवितो, कबुतरे पाळणारा घरी रडतो पण शाळेत शिवी हासडतो, क्रिकेटची बॅट हाती घेऊ पाहणारी मुलगी कडेला उभी राहते. आपणही 'तसे' ठरू, या धास्तीने पुष्कळ मुले चिडवणाऱ्यांच्या टोळीत सामील होतात.

शिक्षक गप्प का बसतात?

सर्वच शिक्षक बेफिकीर असतात, असे नाही. अनेकांना बोलायचे असते; पण पालक काय म्हणतील, संस्थाचालक बोलावून घेतील, आपल्याविषयीच कुजबुज सुरू होईल, ही भीती त्यांना अडविते. ती निराधार नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. समलिंगी संबंधांसह लैंगिक विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यात उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लोकांना पडलेल्या प्रश्नांना ज्ञानाच्या आधारे उत्तर देण्यात गैर काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालू राहिले.

पुढील काळातही हा धाक सरला नाही. २००७ मध्ये पौगंडावस्थेतील मुलांसाठीच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी विरोध केला आणि तो बासनात गेला. २०१० च्या फेब्रुवारीत अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक आणि कवी, मूळचे नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या घरात शिरून काहींनी चित्रण केले आणि समलैंगिकतेच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरातच ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. २०२१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तृतीयपंथी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून दिसेनाशी झाली. वरिष्ठ पातळीवर अशी माघार झाल्यावर तालुक्याच्या शाळेतील शिक्षकाने धीर कोठून आणावा, हा प्रश्न रास्त आहे.

कायद्याचा आधार

धीर देणारा आधार कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. मूल भयमुक्त वातावरणात शिकले पाहिजे, अशी अपेक्षा याच कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. २०१९ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने शिक्षणसंस्थांत तृतीयपंथीयांशी भेदभाव करण्यास मनाई केली. महाविद्यालयांपुरते पाहिल्यास, लैंगिक कल किंवा लिंगभावाच्या ओळखीवरून केलेला छळ विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत आणला. मद्रास उच्च न्यायालयाने तर जून २०२१ मध्ये शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक व पालकांचे प्रबोधन करण्यास सांगितले. तात्पर्य, 'मी हे थांबवू शकतो काय?' असा प्रश्न शिक्षकापुढे उरलेला नाही. न थांबविल्यास कर्तव्यात कसूर ठरेल, अशी स्थिती आहे.

बदलापूरचा धडा

बदलापूरमधील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेला अत्याचार ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आला. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने सुनावणीत मुलग्यांच्या शिक्षणावर बोट ठेवले. मुलींना सावध राहण्यास सांगून भागणार नाही, मुलग्यांना घरी आणि शाळेत लहानपणापासून समानता शिकविली पाहिजे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समितीही नेमली गेली. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे, सीसीटीव्ही कॅमेरे बसविणे या उपायांची चर्चा बरीच झाली. मुलग्यांना काय शिकवायचे, हा भाग मागे पडू नये.

त्यासाठी महाराष्ट्रापाशी अनुभवाची शिदोरी आहे. २००८ ते २०१० या काळात मुंबईतील महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी 'जेम्स' हा उपक्रम राबविण्यात आला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, 'कोरो' ही संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था त्यात सहभागी होत्या. एकूण ४५ शाळा निवडल्या गेल्या. काहींत वर्गातील गटचर्चा आणि मोहीम, काहींत केवळ मोहीम आणि काही तुलनेसाठी, अशी विभागणी होती. खेळ, नाट्यप्रवेश आणि चर्चांतून घरकामाची वाटणी, शरीरातील बदल, भावना आणि हिंसा या विषयांवर मुलांना बोलते करण्यात आले. समानतेविषयीच्या मुलांच्या मतांत चांगला फरक दिसला. हिंसेबाबतचे वर्तन मात्र तेवढ्या सरळ रेषेत बदलले नाही. हा दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. मत तासाभराच्या चर्चेने हलते, सवय रोजच्या वागणुकीने बदलते. हा रोजचा भाग कोणत्याही उपक्रमाला उचलता येत नाही. तो वर्गशिक्षकाचाच आहे.

वर्गात काय करता येईल?

पहिली गोष्ट त्या पाच सेकंदांतच करावी लागते. नक्कल ऐकू आली की हजेरी थांबवावी आणि 'या वर्गात कोणाच्या आवाजाची नक्कल होणार नाही,' एवढे शांतपणे सांगून पुढचा क्रमांक पुकारावा. लांबलचक प्रवचन टाळावे. त्यामुळे साऱ्या वर्गाचे डोळे पुन्हा त्याच मुलाकडे वळतात. नक्कल करणाऱ्याशी नंतर एकट्याने बोलावे. त्याला चारचौघांत अपमानित केल्यास तो त्याचा सूड मधल्या सुट्टीत दुबळ्यावरच उगवतो.

ज्याला त्रास झाला त्याला 'जरा मुलासारखा वाग, म्हणजे कोणी चिडवणार नाही,' असा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. त्यातून चूक त्याचीच ठरते. 'तुला कुठे आणि केव्हा त्रास होतो?' असे विचारले तर उत्तरातून उपाय सापडतो. बहुतेक वेळा ती जागा स्वच्छतागृह, जिना किंवा शाळेची गाडी असते. तिथे मोठ्यांची नजर ठेवता येते.

घरी काय कळवायचे, याबाबत विशेष जपून राहावे लागते. 'तुमचा मुलगा तसा वाटतो,' असे वाक्य त्याला घरी मार खाण्यास पुरेसे असते. पालकांना छळाची आणि शाळेने योजलेल्या उपायांची माहिती द्यावी. मुलाविषयीचा तर्क सांगू नये. मुलाने विश्वासाने काही सांगितले असेल, तर ते शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होता कामा नये. मूल फार खचलेले दिसल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी. १०९८ ही बालकांसाठीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी उपलब्ध आहे. मुलाचा 'स्वभाव बदलून देतो' म्हणणाऱ्यांपासून मात्र पालकांना सावध करावे.

बाकीचे काम नेहमीच्या शिकवण्यातच मिसळता येते. बाके मुलांनी उचलायची आणि रांगोळी मुलींनी काढायची, ही वाटणी आलटून पालटून करता येईल. स्नेहसंमेलनाच्या नाटुकलीत साडी नेसलेल्या पुरुषावरच सारा विनोद बेतलेला असेल, तर संहिता आधीच वाचून बदलता येईल. 'बालभारती'ने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात बाबा पोळ्या लाटू लागले तर त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. श्यामच्या प्रदक्षिणांचा प्रसंग शिकविताना 'श्यामला लाज का वाटली असेल?' हा एक प्रश्न विचारला, तरी मुले स्वतःच्या अनुभवावर येतात.

पालकसभेत 'तुम्ही मुलांना हे असले शिकवता काय?' असा प्रश्न येईल. कोणाच्याही आवाजावरून, चालीवरून किंवा कपड्यांवरून त्याला छळू नये, एवढेच शाळा शिकवीत आहे, हे त्याचे उत्तर आहे. उत्तर देताना शिक्षक एकटा पडू नये, याची जबाबदारी मुख्याध्यापकांची. शाळेच्या नियमांत नक्कल आणि हेटाळणीचा स्पष्ट उल्लेख असला, तर शिक्षकाचे बोलणे हे त्याचे व्यक्तिगत मत राहत नाही, ते शाळेचे धोरण ठरते.

शिक्षकांनी काही न बोलणे हे तटस्थ राहणे आहे, असे त्यांना वाटते. वर्गाला ते तसे वाटत नाही. मुले शिक्षकांच्या बोलण्याइतकेच त्यांचे मौनही वाचतात. उद्या पुन्हा हजेरी होईल, तोच क्रमांक पुकारला जाईल आणि मागच्या बाकावरचा मुलगा शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहील. त्या क्षणी त्याला तिथे काय दिसते, यावर बारीक आवाजाचा तो मुलगा दहावीपर्यंत पटावर राहणार की नाही, हे पुष्कळदा अवलंबून असते.